पान कोणाच्या मालकीचे?

आपल्याकडे एखादी सचित्र पुस्तिका काढावयाची ठरली, की पहिली सभा भरते ती फोटो कोणाकोणाचे घ्यावयाचे हे ठरविण्यासाठी. पुस्तिका वाचणार कोण, त्याचे वय दहा की सत्तर, त्याला तीतून काय हवे आहे, हे प्रश्न दुसऱ्या सभेसाठी राखून ठेवलेले असतात. आणि ती दुसरी सभा बहुधा भरतच नाही. मग अध्यक्षांना पूर्ण पान, प्रमुख पाहुण्यांना अर्धे, कार्यकारिणीला मिळून एक, अशी वाटणी होते, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या मजकुराला उरल्यासुरल्या सांदीकोपऱ्यांत बसावयास सांगितले जाते. लग्नघरी मानकऱ्यांना पाट मांडून झाले आणि नवरानवरीला मात्र अंगणात उभे ठेवले, त्यातलाच हा प्रकार!

गणेशोत्सवाची स्मरणिका घ्या, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची पुस्तिका घ्या, देवस्थानाची माहिती सांगणारी सोळा पाने घ्या, नाही तर शेतकऱ्याला फवारणी शिकविणारे पत्रक घ्या. मागे फिकट देऊळ, त्यावर तिरका मजकूर, मजकुरावर गोल कापलेला फोटो, फोटोभोवती झेंडूची माळ, आणि या सगळ्याच्या खालून डोके वर काढणारी एक ओळ, ‘अधिक माहितीसाठी पान बारा पाहा’. पान बारावर शुभेच्छुकांची यादी असते!

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. छापलेले पान हे छापणाऱ्याचे नव्हे, वर्गणी देणाऱ्याचे नव्हे आणि चित्रकाराचेही नव्हे; ते वाचणाऱ्याच्या मालकीचे आहे. आणि ही मालकी राखणारा कायदा म्हणजे पानाची आखणी. इंग्रजीत तिला ग्रिड म्हणतात. आपले छापखानेवालेही आता ग्रिडच म्हणतात. मी तिला आखणी म्हणेन. ही आखणी म्हणजे शहरी कलावंतांची चैन आहे, गावच्या पुस्तिकेला तिचे काय काम, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

आधी आखणी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांचा विरोध ती न पाहताच चाललेला असतो. वहीच्या आकाराचे नेहमीचे लहान पान घेऊ: रुंदी १४८ मिलिमीटर, उंची २१०. शिवणीच्या बाजूला १८ मिलिमीटर सोडा, बाहेरच्या बाजूला १४, वर १५ आणि खाली २१. मध्ये ११६ रुंद आणि १७४ उंच अशी जागा उरते. तिचे उभे चार रकाने पाडा, दोन रकान्यांमध्ये ४ मिलिमीटरांची फट ठेवा. प्रत्येक रकाना बरोबर २६ मिलिमीटरांचा होतो. आता ओळ मोजा. दोन ओळींतले अंतर ६ मिलिमीटर धरले, तर पानात २९ ओळी बसतात. पाच ओळींचा एक पट्टा, मग एक ओळ मोकळी, पुन्हा पाच ओळींचा पट्टा, असे केले की पाच पट्टे आणि चार मोकळ्या ओळी मिळून २९ भरतात. चार रकाने आणि पाच पट्टे. पानावर वीस घरे झाली.

झाली आखणी! ही घरे छापावयाची नसतात. ती आखणाऱ्याने मनात आणि पडद्यावर ठेवावयाची असतात. मजकूर दोन किंवा तीन रकान्यांच्या रुंदीत वाहील, चित्र एक घर घेईल, सहा घरे घेईल किंवा वीसही घेईल. पण त्याची कड कोठल्या ना कोठल्या घराच्या कडेलाच लागली पाहिजे. चित्राची उंची ३० मिलिमीटर, ६६, १०२, १३८ किंवा १७४, अधलीमधली नाही. एवढाच नियम आहे. त्याला पदवी लागत नाही. फूटपट्टी लागते आणि ‘नाही’ म्हणण्याची हिंमत लागते.

या फूटपट्टीवर काय अवलंबून असते, हे मला आमच्या वर्गात दिसले. सर्पदंशाविषयीची एक रंगीत पुस्तिका काही वर्षांपूर्वी मुलांना वाटण्यात आली होती. हेतू फार चांगला होता. आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांतली मण्यार ओळखणे विशेष कठीण, कारण कवड्या नावाचा एक बिनविषारी साप तिच्यासारखाच दिसतो. पुस्तिकेत दोघांचीही चित्रे होती, पण कशी? शोभेसाठी सगळे साप एका गोलात गुंफले होते, कोणाचे डोके वर, कोणाचे खाली. मण्यार लहान आणि कवड्या मोठा. आणि नावे गोलाच्या बाहेर, नुसत्या क्रमाने. मी मुलांना मण्यारीवर बोट ठेवावयास सांगितले. निम्म्याहून अधिक बोटे कवड्यावर गेली.

मुलांचे काय चुकले? काहीच नाही. मण्यारीच्या अंगावरचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोडे अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक राहतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. हा फरक डोळ्यांना दिसावयाचा, तर दोन्ही साप एकाच मापाचे, एकाच दिशेला डोके केलेले, एकमेकांच्या वरखाली हवेत. ते गोलात गुंफले की फरक संपला, आणि रांगोळी तेवढी उरली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, साप ओळखत न बसता माणसाला ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्यावे, कारण तेथे मिळणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते, हे वाक्य पुस्तिकेत होते. पण ते उद्घाटन समारंभाच्या फोटोवर, पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पांढऱ्याच अक्षरांत छापले होते! मण्यार रात्री हिंडते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सुजतही नाही; झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. अशा वेळी घरात एकच वाक्य कामाचे असते, आणि ते वाक्य सदऱ्यात बुडालेले होते.

आता तेच पान वर सांगितलेल्या वीस घरांत मांडून पाहा. वरचे दोन पट्टे आणि उजवीकडचे तीन रकाने मण्यारीला द्या. ८६ मिलिमीटर रुंद आणि ६६ उंच चित्र झाले. डावीकडच्या उरलेल्या रकान्यात चित्राच्या उंचीइतक्याच अकरा आखूड ओळी बसतात. तेथे तिचे नाव आणि ओळखण्याच्या खुणा. पुढचे दोन पट्टे त्याच मापाने, त्याच बाजूला, कवड्याला. आणि शेवटचा पाचवा पट्टा, पुरा पानभर रुंद, पाच ओळींचा, पांढऱ्या कागदावर काळ्या ठळक अक्षरांत त्या एका वाक्याला. पुढच्या पानावर घोणस आणि तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी डुरक्या घोणस. मांडणी तीच, शेवटचा पट्टाही तोच. तिसऱ्या पानापर्यंत मुलाच्या डोळ्यांना सवय होते, की खाली पाहावयाचे आणि काय करावयाचे ते तेथे असते. घरात कंदिलाच्या किंवा मोबाईलच्या उजेडात घाबरलेल्या माणसाने पुस्तिका उघडली, तरी त्याची नजर आपोआप तेथे जाईल. यालाच मी वाचणाऱ्याची मालकी म्हणतो.

यात नवे काय आहे? खरे म्हणजे काहीच नाही. चित्र आणि शब्द यांची गाठ पक्की बांधून देण्याची ही युक्ती एका शिक्षकाने फार पूर्वी करून ठेवली आहे. मोराव्हियात जन्मलेल्या कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे छापले गेले. त्यात प्रत्येक धड्यावर एक चित्र, चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा, आणि खाली शेजारशेजारच्या रकान्यांत लॅटिन आणि जर्मन मजकूर; मजकुरात तोच आकडा. मुलाने आकडा पाहावा, वस्तू पाहावी, शब्द वाचावा. साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली, आणि आम्ही अजून सापांचे गोल गुंफतो आहोत!

‘हे सगळे पाश्चात्त्य खूळ आहे,’ हा पहिला आक्षेप. आक्षेप घेणाऱ्यांनी मान वळवून स्वतःच्या भिंतीकडे पाहावे. तेथे कालनिर्णय टांगलेले असते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढले, आणि मराठी घरातला सर्वांत जास्त वाचला जाणारा छापील कागद कोणता असे कोणी विचारले, तर मी बेधडक त्याचे नाव घेईन. तिथी, वार, नक्षत्र, सण, एकादशी, चंद्रोदय, आणि त्याच घरात आईने पेनाने लिहिलेला दुधाचा हिशेब! एवढे सगळे एका घरात मावते आणि कोणाचा गोंधळ होत नाही, कारण संकष्टीचा चंद्रोदय कोठे पाहावयाचा हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांगे छापली, ती काय चौकटींशिवाय छापली? तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे रकान्यारकान्यांतून मांडलेली वाचण्याची सवय आपल्या आजोबांना होती. आखणी आपल्या घरची आहे. फक्त पुस्तिका काढताना आपण तिला ओळख दाखवीत नाही.

एक गोष्ट मात्र बाहेरून जशीच्या तशी उचलून चालणार नाही, आणि ती आपल्या लिपीची. रोमन अक्षरे ओळीवर उभी राहतात; आपली अक्षरे शिरोरेषेला लटकतात. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांची पायरी. इंग्रजी पुस्तिकेच्या मापाने ओळी लावल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणून मी वर ओळीला ६ मिलिमीटर दिले. बारा पॉइंटांच्या अक्षराला एवढी मोकळीक लागतेच. आणि चित्राची वरची कड शेजारच्या मजकुराच्या मात्रेशी जुळवू नये, शिरोरेषेशी जुळवावी. मग चित्र आणि मजकूर एकाच खुंटीला टांगल्यासारखे दिसतात. तयार परदेशी साच्यात मराठी मजकूर ओतणाऱ्यांनी हे एकदा पाहावे.

दुसरा आक्षेप कलावंतांचा. ‘चौकटीत प्रतिभा गुदमरते!’ दिवाळीच्या दिवसांत हा आक्षेप ऐकला की मला हसू येते. अंगणात ठिपके मांडून रांगोळी काढणाऱ्या बाईची प्रतिभा गुदमरलेली कोणी पाहिली आहे? अकरा ठिपके अकरा ओळी तिनेही मांडले आणि शेजारणीनेही मांडले, तरी दोघींची रांगोळी सारखी निघत नाही. चित्रकाराचा अपमान चौकट करीत नाही. त्याच्या चित्रावरून मजकूर ओढणारे करतात. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यांनी मराठी घरांना दिवाळी अंकातले चित्र थांबून पाहावयास शिकविले. अशा चित्राच्या गालावर ‘हार्दिक शुभेच्छा’ छापण्याचे स्वातंत्र्य कोणाला हवे आहे?

तिसरा आक्षेप, सगळी पाने सारखी दिसतील. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या माहितीपत्रकांसाठी मासिमो विन्येली या मूळच्या इटालियन आरेखकाने १९७७ साली एकच आखणी करून दिली. तिला ‘युनिग्रिड’ म्हणतात. वर काळा पट्टा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत स्थळाचे नाव, आणि खाली ठरलेल्या घरांत नकाशा, चित्रे आणि मजकूर. ग्रँड कॅन्यनची दरी आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा ही दोन्ही स्थळे त्याच खात्याकडे आहेत. त्यांची पत्रके शेजारशेजार ठेवली तर ती बहिणी वाटतात, जुळ्या वाटत नाहीत. पाहुण्याचा फायदा असा, की एक पत्रक वाचावयास आले की बाकीची सगळी आली.

विद्वान मंडळींचा आणखी एक आक्षेप असतो. ते यान चिशोल्डचे नाव घेतात. या जर्मन मुद्रणतज्ज्ञाने १९२८ साली नव्या मुद्रणरचनेचा जाहीरनामाच म्हणावा असा ग्रंथ लिहिला, आणि पुढे आपल्याच तरुणपणच्या कडवेपणावर टीका करून तो जुन्या, मध्याला तोललेल्या मांडणीकडे परतला. तेव्हा मंडळी म्हणतात, पाहा, गुरूनेच चेला मोडला! पण चिशोल्डने सोडले काय? कडवेपणा सोडला, माप सोडले नाही. १९४७ ते १९४९ या काळात तो इंग्लंडमध्ये पेंग्विन प्रकाशनात होता, आणि तेथे त्याने अक्षरजुळणीचे नियम घालून देऊन साध्या, स्वस्त पुस्तकांची पाने शिस्तीत आणली. दुसऱ्या बाजूला झुरिकच्या योझेफ म्युलर-ब्रोकमानने १९८१ साली आखणीवरच सबंध पुस्तक लिहिले आणि आठ, वीस, बत्तीस घरांची पाने करून दाखविली. दोघांच्या आवडी वेगळ्या. पण फूटपट्टी न लावता पान छापावे, असे दोघांपैकी एकही म्हणत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ‘कागद महाग झाला आहे, समास कशाला सोडता?’ वरच्या पानात छपाईची जागा पानाच्या सुमारे ६५ टक्के आहे. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक कागद मोकळा राहतो. तो वाया जातो काय? तेथे वाचणाऱ्याचा अंगठा असतो. तेथे घडी असते, टाचणी असते, कापणीच्या यंत्राची इकडेतिकडे होणारी रेघ असते. समास खाऊन टाकलेली पुस्तिका पुरी उघडत नाही, आणि ओळींची पहिली अक्षरे घडीत गडप होतात. या मापाची सोळा पाने एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंवर बसतात; तो एक फर्मा. काटकसर करावयाची, तर ती फर्म्यात करा. अध्यक्षांचे पान, पाहुण्यांचे पान आणि कार्यकारिणीचे पान एका घरात आणा. समास न कापता अडीच पाने वाचतील.

आणि मापाचे आम्हांला वावडे आहे, असेही नाही. जाहिरात घेताना पाहा! पाव पान, अर्धे पान, पूर्ण पान. मलपृष्ठाचा भाव वेगळा, आतल्या पानाचा वेगळा. जाहिरातदाराचे पाव पान जरासे आखूड झाले, तर तो पैसे कापतो, आणि कापावेतही. म्हणजे जो पैसे देतो त्याच्यासाठी आमची फूटपट्टी बरोबर चालते. जो वाचतो त्याच्यासाठी मात्र ‘बसवा कोठेतरी’! वाचणाऱ्याने बिल कापण्याची सोय नाही, म्हणूनच हे चालते.

पूर्वी निदान धातू आमची लाज राखीत असे. शिशाचे खिळे आयताकृती, ओळींमध्ये घालावयाच्या पट्ट्या मोजलेल्या, चित्राचा ठसा लाकडावर काटकोनात बसविलेला. हे सारे लोखंडी चौकटीत घट्ट आवळल्याशिवाय यंत्रावर चढतच नसे. जुळाऱ्याला कलेचे शिक्षण नसले तरी त्याच्या हातून पान सरळ येई, कारण तिरके बसविणे ही कमालीची यातायात होती. संगणकाने ती यातायात संपविली. आता मजकूर चित्रावर चढतो, चित्र मजकुराखाली शिरते, आणि बोटाच्या एका टिचकीने झेंडूची माळ येते. मी संगणकाला नावे ठेवीत नाही. हीच टिचकी वीस घरेही क्षणात आखून देते. पण जी शिस्त पूर्वी शिसे लावीत असे, ती आता माणसाने स्वतःला लावून घेतली पाहिजे. सक्ती गेली म्हणून जबाबदारी गेली, असे होत नाही.

अर्थात आखणीने सगळे होते, असे मी म्हणत नाही. पोकळ मजकूर वीस घरांत मांडला तरी पोकळच राहतो. उलट तो पोकळ आहे हे स्वच्छ दिसू लागते. कित्येक समित्यांना आखणीची भीती वाटते ती याचसाठी की काय, अशी मला कधी कधी शंका येते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. आता या बारा किल्ल्यांसाठी एकाच आखणीच्या बारा लहान सचित्र पुस्तिका निघाव्यात. नकाशा प्रत्येकीत त्याच पानावर, चढणीला लागणारा वेळ आणि पाण्याची जागा त्याच पट्ट्यात, इतिहास त्याच रकान्यांत. राजगडावर पुस्तिका वाचलेल्या मुलाला विजयदुर्गावर तीच खूण सापडावी. आणि एवढे मोठे काम होईपर्यंत, या वर्षी ज्या ज्या शाळा, मंडळे आणि देवस्थाने पुस्तिका काढणार आहेत, त्यांनी पहिली सभा फूटपट्टी घेऊन भरवावी. आधी वाचणारा कोण ते ठरवा, मग पान मोजा, मग घरे पाडा, मग मजकूर आणि चित्रे बसवा. सगळे बसून एखादे घर उरलेच, तर ते अध्यक्षांना जरूर द्यावे. २६ मिलिमीटरांत चेहरा चांगला ओळखू येतो.